ताण दिलेली बुरशी

नाशकात समुद्र नाही, म्हणून लोक सुवर्णाला चिडवायचे, "काय गं, गोदेत स्पंज सापडतो का?" पण पोरगी हट्टाची. मालवणच्या खडकांना चिकटून राहणारा स्पंज हा प्राणी, त्याच्या अंगात बुरशी असते आणि त्या बुरशीत कधी कधी जगाने न पाहिलेलं रसायन सापडतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने तशी एक बुरशी वाढवली. पहिल्याच खेपेला एक अनोळखी पदार्थ हाती लागला, पण इतका थोडा की त्याची ओळखच पटवता येईना.

आणि मग बुरशीबाई रुसल्या! समुद्राचं पाणी, बटाट्याचा रस, भरपूर साखर, सगळं पुढ्यात ठेवलं. बुरशी कापसासारखी फुगली, माजली, पण तो पदार्थ काही देईना. शेवटी तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक शेखर सर म्हणाले, "सुवर्णा, ही शेवटची खेप. नाही जमलं तर विषय बदला." इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

त्या रविवारी ती सटाण्याला घरी गेली. वडील खंडेराव यांनी डाळिंबाच्या बागेचं पाणी तोडलं होतं. बहार धरण्याआधी झाडाला असाच ताण देतात. पानं गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. हे ती लहानपणापासून बघत आलेली. पण त्या दिवशी बांधावर थबकली. अरे देवा, आपण तर बुरशीला नुसतं खाऊ घालत बसलोय!

सोमवारी तिने साखर जवळजवळ बंद केली. सर भडकले, "अहो, मरेल ती!"

"मरेना का सर. लाडावून तरी काय दिलंय तिने?"

बोलून तर गेली, पण बुरशी आक्रसू लागली, काळवंडली, तशी सुवर्णाची पाचावर धारण बसली. आणि एका सकाळी त्या वाळक्या बुरशीवर पिवळे थेंब दिसले. तपासलं, तर तोच पदार्थ! आणि या वेळी तपासणीला पुरेल इतका.

माहीत असलेल्या रसायनांशी ताडून पाहिलं, कशाशीच जुळेना. नवं होतं! सुवर्णा ओक्साबोक्शी रडली. कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष असलेले सर म्हणाले, "एकदा आलं ते नशीब. पुन्हा आणून दाखवा, मग तुमचं."

तिने तोंड धुतलं, नव्या चंबूत बुरशी लावली आणि तिलाही उपाशी ठेवलं. काय ती जिवाची घालमेल! पण थेंब पुन्हा आले, पहिल्यापेक्षा दाट. या खेपेला डोळे पुसले ते शेखर सरांनी.