थोराबाईचं लंगडं बदक

आमच्या मॅनिटोबाच्या गव्हाच्या रानात बर्फ वितळला की खोलगट जागी पाणी साठतं. पाण्याभोवती पाणकणसं उभी राहतात, आणि एके सकाळी दक्षिणेकडून बदकं उतरतात. शहरातली माणसं या पाण्याला डबकी म्हणतात. म्हणोत. आम्ही तळी म्हणतो. आमच्याकडे प्रत्येक तळ्याला मालक असतो, आणि प्रत्येक मालकाला शेजारी.

थोरा ब्यार्नासनच्या तळ्याचा शेजारी वेंडेल क्रोकर. तळं अर्धं तिच्या रानात, अर्धं त्याच्या.

थोराबाईने साठी केव्हाच ओलांडली. तिने लग्न केलं नाही. मागणी घालायला आलेल्यांची नेमबाजी तिला पसंत पडली नाही, असं गाव म्हणतं; ती नाही म्हणत नाही. पानगळीत ती बदकं मारते, आणि उरलेलं वर्ष बदकांसाठी भांडते. यात कुणाला काही वावगं वाटलंच, तर ती त्याला भाजलेलं बदक जेवायला घालते आणि विचारते, "आता सांग, हे कुठून आलं? आकाशातून? तळं नसेल तर आकाशातून फक्त पाऊस येतो." हिवाळाभर ती चुलीशी बसून देवदाराची लाकडी बदकं कोरते. ती पाण्यावर सोडली की वरून उडणारी खरी बदकं, आपली माणसं बसली आहेत असं समजून, खाली उतरतात.

वेंडेल आमच्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष. उंच, लाल गालांचा आणि बढाईखोर. बसलेल्या पाखरावर आपण जन्मात बार टाकला नाही, हे तो दर सभेत सांगायचा. हे मात्र खरं होतं. त्या वर्षी त्याने पेरणीचं नवं यंत्र घेतलं. ते एवढं रुंद होतं, की तळ्याला वळसा घालताना त्याचा अर्धा दिवस जायचा.

"जमीन गोठायच्या आत चर खणतोय," त्याने कुंपणावरून सांगितलं. "माझ्या बाजूचं पाणी काढून टाकणार."

"आणि माझ्या बाजूचं पाणी काय तिथे उभं राहून तुला हात हलवणार आहे?" थोरा म्हणाली.

"बदकं जातील की पलीकडच्या तळ्यावर."

"पलीकडचाही हेच म्हणतोय, अध्यक्षमहाराज."

वेंडेल हसला. कायदा त्याच्या बाजूने होता. चर खणणाऱ्याशी त्याचं बोलणंही झालं होतं.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. लपणात, म्हणजे काठावरच्या शिकारीच्या आडोशात, बसून जो कुणी चुकून लाकडी बदकावर बार टाकेल, त्याने त्या बदकाच्या पोटावर आपलं नाव कोरायचं आणि पानगळीच्या जेवणावळीत ते हातात धरून उभं राहायचं. मग बदकाचा मालक एक काम सांगतो, आणि ते करावंच लागतं. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा कुणी आपल्या लपणात घेत नाही. एकदा आमच्या पाद्रीबाबांना चालू प्रवचनात एका कुत्रीच्या बाळंतपणाची बातमी द्यावी लागली होती. बंधन एकच: काम हातापायांचं असावं. कुणाची जमीन, किंवा जमिनीबद्दलचं वचन, मागायचं नाही.

ऑक्टोबरात एका धुक्याच्या सकाळी मी वेंडेलच्या लपणात होतो. आमच्यामध्ये त्याची कुत्री, टोस्ट. आकाश रिकामं. संध्याकाळी जेवणावळ, आणि अध्यक्षाच्या पिशवीत एक पीसही नाही.

"कशाला उगाच अध्यक्ष झालो," वेंडेल पुटपुटला.

तेवढ्यात पाणकणसांतून एक बदकीण बाहेर आली. एका अंगावर कललेली. एक पंख पाण्यात लोंबत होता. थोडी पुढे यायची, थांबायची, गिरकी घ्यायची, पुन्हा कलायची.

वेंडेलचा चेहरा उतरला. "जखमी आहे रे. कुणी अर्धवट मारून सोडली हिला?"

"बसलेली आहे, वेंडेल."

"दिसतंय मला! पण तशीच ठेवू का तडफडत?"

बसलेलं पाखरू मारणं आमच्यात हलकट मानतात. जखमी पाखरू सोडून जाणं त्याहून हलकट. वेंडेल उठला, पुटपुटत माफी मागितली, आणि बार टाकला.

आवाज आला तो सुताराच्या दुकानातला. ठक्.

टोस्ट पोहत गेली आणि पाखरू घेऊन आली. ते मालकाच्या पायाशी ठेवून ती दोन पावलं मागे सरकली आणि दुसरीकडे बघायला लागली. पंख चामड्याचा होता. पोटाला दोरी होती. दोरी पाण्यातल्या एका खुंटीच्या कडीतून वळून दूर काठावर, शेतातून काढलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यामागे गेली होती. त्या ढिगाऱ्यामागून हसण्याचा आवाज येत होता.

जेवणावळीत सभागृह गच्च भरलं होतं. वेंडेल बदक धरून उभा राहिला, पण गुमान नाही.

"हा कट आहे! मी त्या जिवाला यातनेतून सोडवत होतो!"

"कोणत्या जिवाला?" मंडळातले सगळ्यांत थोरले सिग्गी आजोबा म्हणाले. "देवदाराला?"

हशा थांबेना.

"आजोबा, तिने दोरी ओढली!"

"वारा ओढतो तेव्हा चालतं, बाई ओढते तेव्हा नाही, असं कुठे लिहिलंय? पाण्यावर होतं का? होतं. बार टाकलास का? टाकलास. पोटावर तुझं नाव आहे का? आहे, आणि अक्षर घाण आहे. थोरा, बोल."

वेंडेल हात वर करून म्हणाला, "चराबद्दल बोलायचं नाही! जमिनीचं वचन मागता येत नाही!"

"कोण मागतंय?" थोराबाई ताटातून मान वर न करता म्हणाली. "तळं गोठलं की तुझ्या बाजूला एक खांब रोव. वर बदकिणीला अंडी घालायला तारेची आणि गवताची बाळंतखोली बसव. विणायची तूच, आणि बदकिणीची पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत राखायचीही तूच. त्यानंतर तुला हवं ते कर."

"एवढंच?" वेंडेलने संशयाने विचारलं.

"एवढंच."

त्याला सुटल्यासारखं वाटलं. चर पुढच्या पानगळीवर गेला, इतकंच. मलाही वाटलं, बाईने हातातला डाव घालवला.

हिवाळ्यात वेंडेलने बर्फाला भोक पाडून खांब रोवला. पहिली बाळंतखोली त्याने इतकी वाईट विणली की थोराबाईने ती उंदरांना देऊ केली. दुसरी बरी झाली. वसंतात तिथे एक बदकीण शिरली आणि अंड्यांवर बसली. वेंडेल म्हणायचा, "मला काय, शिक्षा आहे म्हणून बघतो." पण त्याची गाडी सकाळ-संध्याकाळ तळ्याशी दिसायला लागली. खांबावर चढणाऱ्या रॅकूनसाठी त्याने पत्र्याची गुळगुळीत चकती ठोकली. रस्त्याने हॉर्न वाजवत गेलो म्हणून तो माझ्या दारात येऊन भांडला. पिल्लं पाण्यात उड्या मारायला लागली तेव्हा हा गडी गुडघाभर चिखलात उभा राहून मोठ्याने, "ए शेवटची, उडी मार! घाबरतेस काय!" असं ओरडत होता. मी स्वतः ऐकलं.

पानगळीत चर खणणारा आला. "काय, सुरू करू का? पिल्लं तर उडाली."

"उडाली. आणि वसंतात परत येऊन कुठे उतरतील? तुझ्या डोक्यावर?" वेंडेल खेकसला. बिचारा यंत्र घेऊन परत गेला.

त्या हिवाळ्यात बर्फावर ठोकाठोक ऐकू आली, म्हणून थोराबाई घराबाहेर धावली. वेंडेल नवे खांब रोवत होता. त्यातला एक तिच्या बाजूला होता.

"ए! मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचं? तुझी बाजू बघ, नुसता उकिरडा. आणि ते तुझं लपण हलव. वसंतात येता-जाता बडबडतेस, बदकिणी दचकतात."

"माझ्या तळ्यावर मीच गप्प बसू?"

"आपल्या तळ्यावर," वेंडेल म्हणाला आणि हातोडा तिच्या पुढे केला. "उभी काय राहिलीस? धर. मी खांब पकडतो."

थोराबाईने त्याला एक शिवी दिली, तिच्या पूर्वजांच्या आइसलँडिक भाषेतली, लांबलचक. मग तिने हातमोजे चढवले आणि हातोडा उचलला.