सतरा नंबरची कॅसेट

आमच्या कॉलेजात प्रोजेक्टर मागायला जाणं आणि मुलगी मागायला जाणं यात फार फरक नव्हता. मुलीचा बाप निदान पाणी तरी विचारतो. गुणवंत सोनटक्के नजर वर न करता विचारायचे, "कशासाठी?" आपण म्हणायचं, "लेक्चरसाठी." त्यावर पुढचा प्रश्न, "ते कळलं. पण प्रोजेक्टर कशासाठी?" बरेच प्राध्यापक या दुसऱ्या प्रश्नालाच परत जात.

दिल्लीत रिजच्या टेकडीच्या उतारावर, हिंदूराव हॉस्पिटलच्या अलीकडे आमचं कॉलेज. तिथं जिन्याखालच्या दोन खोल्यांना दृक्-श्राव्य विभाग म्हणत आणि त्या विभागात सोनटक्के एकटे होते. बहात्तर साली वर्ध्याहून दिल्लीला मामाकडे आले, मामांनी कुणाला तरी सांगून इथं चिकटवलं, आणि छत्तीस वर्षं ते इथंच होते. मी वृंदा, रसायनशास्त्र शिकवते. माझा जन्म करोल बागेतला, माझं मराठी घरात बोलण्यापुरतं. मी मराठी आहे हे कळल्यावर सोनटक्क्यांना मनापासून आनंद झाला आणि त्यांनी मला एक खास सवलत दिली. मला नकार मराठीत मिळू लागला.

अर्ज तीन प्रतींत, अठ्ठेचाळीस तास आधी, विभागप्रमुखांच्या सहीनिशी. हे सगळं केलं तरी वस्तू मिळेलच असं नाही. वायर कोपराभोवती गुंडाळणाऱ्या माणसाला त्यांनी कधी दुसऱ्यांदा काही दिलं नाही. "ताई, वायरला पीळ पडतो. आतून तुटते. माणसाला कळत नाही, वायरला कळते." दर संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची माणसं पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी, जायची आणि त्याआधी आठवडाभर लाउडस्पीकर मागायला यायची. सोनटक्के स्वतः मंडळाचे सभासद, सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसणार, पण कॉलेजचा भोंगा गेटाबाहेर जाणार नाही म्हणजे नाही. तिथं दरवर्षी मंडळाचे ठरलेले वक्ते भालचंद्र देवस्थळी नुसत्या घशानं भाषण करत आणि परतताना बसमध्ये खुणांनी बोलत.

आणखी एक नियम होता. यंत्र जिथं जाईल तिथं सोनटक्के जाणार. त्यामुळे इतिहासापासून प्राणिशास्त्रापर्यंत प्रत्येक व्याख्यानाला हा माणूस शेवटच्या रांगेत हजर. कोणता प्राध्यापक कोणता विनोद कितव्या स्लाइडला करतो हे त्यांना पाठ होतं. कुणाचं व्याख्यान कसं झालं असं विचारलं तर म्हणायचे, "बल्ब चांगला चालला."

शहाऐंशी साली कॉलेजने व्हिडिओ कॅमेरा घेतला. तेव्हाचे प्रिन्सिपल निगम साहेब फार शिस्तीचे. त्यांनी कॅमेऱ्याबरोबर वीस कॅसेटी दिल्या आणि वापराचे अकरा नियम स्वतः टाइप करून खाली सही ठोकली. त्यातला नववा असा, की जी कॅसेट सलग तीन वर्षं कुणीही नेली नाही, ती पुसून पुन्हा वापरावी. कुणी काय नेलं याची नोंद रजिस्टरात ठेवावी, प्रत्येक कॅसेटला वेगळं पान. सोनटक्क्यांनी ते नियम फ्रेम करून भिंतीवर लावले.

पुढच्याच वर्षी निगम साहेब रिटायर झाले. निरोपाचं भाषण एक तास दहा मिनिटं झालं. सोनटक्क्यांनी ते सतरा नंबरच्या कॅसेटवर घेतलं.

नव्वद साली मी टेंपररी होते. माझ्या वर्गात नव्वद मुलं आणि लॅबमध्ये धड चालणारे ब्युरेट चार. टायट्रेशन एकदा नीट करून दाखवावं आणि ते कॅसेटवर घ्यावं, म्हणजे मुलांना पुन्हापुन्हा बघता येईल, असं माझ्या डोक्यात आलं. मी अर्ज केला. सोनटक्क्यांनी रजिस्टर उघडलं, पानं उलटली आणि सतराव्या पानावर थांबले. पान कोरं होतं. तीन वर्षं आणि दोन महिने.

"सतरा घ्या," ते म्हणाले.

कशावर काय होतं हे मी विचारलं नाही. मला माझ्या ब्युरेटची पडली होती.

ती कॅसेट पुढं दोनशे अकरा वेळा नेली गेली. आमचीच मुलं नव्हे, शेजारच्या कॉलेजची मुलंही नेत. मग सोनटक्क्यांनी ती सीडीवर उतरवली आणि मूळ कॅसेट कपाटात ठेवली.

दोन हजार आठ साली कॉलेजला पन्नास वर्षं झाली. सोहळा फेब्रुवारीत, त्यात एक माहितीपट दाखवायचा आणि त्यात निगम साहेबांचं ते ऐतिहासिक भाषण घालायचं, असं समितीनं ठरवलं. ते ऐतिहासिक असल्याचं तोवर कुणाला माहीत नव्हतं. निगम साहेब शहाऐंशी वर्षांचे, प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. जुन्या यादीत सतरा नंबर सापडला. प्रिन्सिपल मॅडम, समितीचे आठ सभासद आणि दोन माजी विद्यार्थी मोठ्या टीव्हीसमोर बसले. सोनटक्के कपाटातून यादीबरहुकूम सतरा नंबर काढून देत म्हणाले, "मॅडम, इस पर अब वो नहीं है." पण समितीच्या बैठकीत तंत्रज्ञाचं बोलणं कुणी ऐकत नाही. बटण दाबलं आणि पडद्यावर मी आले. दोन वेण्या, पांढरा कोट, तोंडात पिपेट. त्या काळी आम्ही ॲसिड सुद्धा तोंडानं ओढत असू. मी पिपेट काढून म्हणाले, "नाउ वॉच केअरफुली." सगळ्यांनी खरोखरच अगदी काळजीपूर्वक पाहिलं.

समितीतली म्हणून मीही तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकशी झाली. सोनटक्क्यांनी रजिस्टर आणि भिंतीवरची फ्रेम दोन्ही आणून टेबलावर ठेवली. सतराव्या पानावर आधी तीन वर्षांची कोरी जागा आणि मग जोडलेल्या पानांसकट एकाखाली एक दोनशे अकरा नावं. नियम नऊ, खाली निगम साहेबांची सही. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून समितीनं एक फॉर्म काढला. नष्ट झालेल्या साहित्याचा अहवाल. त्यात एक रकाना होता, हानीस जबाबदार व्यक्तीचं नाव. तो सोनटक्क्यांनी स्वहस्ते भरायचा. भरला तर सर्व्हिस बुकात तो शेरा कायमचा. नाही भरला तर नो ड्यूज, म्हणजे काही देणं नसल्याचा दाखला, नाही, आणि नो ड्यूज नाही तर पेन्शनचे कागद पुढं सरकणार नाहीत. सोनटक्के एकतीस मार्चला रिटायर होणार होते.

"लिख डालो ना," ऑफिसातला हेडक्लार्क म्हणाला, "इतनी सी बात है यार."

"चूक केली असती तर लिहिलं असतं," सोनटक्के मला म्हणाले. "ताई, मी चूक केलेली नाही. माझी बायको कुमुद म्हणते, नाव टाका आणि मोकळे व्हा. पण हाताला पेन धरवतच नाही."

मला राग आला. समितीचा तर आलाच, आणि स्वतःचाही आला. माझ्याच टायट्रेशनखाली हा माणूस चेपला जात होता आणि मी तिसऱ्या खुर्चीवर गप्प बसले होते.

इकडे समितीनं नवा मार्ग काढला. निगम साहेबांच्या घरी जाऊन तेच भाषण पुन्हा बोलवून घ्यायचं. फोन केला तर साहेब म्हणाले, खुशीनं बोलेन, पण मी काय बोललो होतो ते कुणीतरी सांगा. मग त्या दिवशी सभागृहात असलेल्या लोकांना गाठणं सुरू झालं. माजी उपप्राचार्य म्हणाले, भाषण अतिशय प्रेरणादायी होतं. म्हणजे काय म्हणाले? म्हणाले, अतिशय प्रेरणादायी. इतिहासाच्या हेमलता मॅडमना त्या दिवशीचे समोसे नक्की आठवत होते. एकालाही एक वाक्य सांगता आलं नाही.

मी सहज सोनटक्क्यांना विचारलं, "तुम्हाला काही आठवतं का हो?"

"सगळं," ते म्हणाले. "माझ्या कानावर हेडफोन होते."

सभागृहात त्या दिवशी चारशे माणसं होती आणि ऐकण्यावाचून सुटका नसलेला हा एकटाच होता.

जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं निगम साहेबांच्या घरी, दिल्लीतल्याच द्वारकेला निघालो. कॅमेरा गेटाबाहेर न्यायचा म्हणून सोनटक्क्यांनी स्वतःच स्वतःला गेटपास दिला, तीन प्रतींत. मेट्रोत तपासणीवाल्या जवानानं बॅग उघडायला लावली, तर त्याच्या हातात त्यांनी दुसरी प्रत ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि घाबरून परत दिली.

निगम साहेब मुलाकडे सहाव्या मजल्यावर राहत. बाल्कनीत उन्हाला बसले होते, मफलर कानावरून घेतलेला.

"सोनटक्के, तुम अभी तक रिटायर नहीं हुए?"

"इकतीस मार्च को, सर. अगर हो गया तो."

कॅमेरा उभा राहिला. साहेब म्हणाले, आधी सांगा, मग मी बोलतो. सोनटक्के हात मागं बांधून उभे राहिले आणि सुरू झाले. शब्दच नव्हे, मध्येच म्हणायचे, "यहाँ आपने पानी पिया था," "यहाँ माइक सीटी मार रहा था, माफ़ कीजिए, मेरी गलती थी." शिस्त, इमारत, नवी लायब्ररी, कॅन्टीनची स्वच्छता. शेवटी आभार. त्रेचाळीस नावं, माळ्यासकट, एका दमात.

निगम साहेब डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी ते उघडले.

"और तुम्हारा नाम?"

"समय कम था, सर."

"एक घंटा दस मिनट में?"

सोनटक्के कॅमेऱ्याचा स्टँड उगीच घट्ट करू लागले.

"वो कैसेट फिर कहाँ गई?" साहेबांनी विचारलं. "लोग ले जाते थे?"

छत्तीस वर्षांत रजिस्टरात एक अक्षर खोटं न लिहिलेला हा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते.

"बहुत ले जाते थे, सर. इतना ले जाते थे कि घिस गई."

साहेबांनी मफलर कानावरून खाली घेतला. मग हसले. ते हसणं काही सुखाचं नव्हतं.

"सोनटक्के, नौ नंबर मैंने ही लिखा था. कोई ले जाता तो तुम उसे हाथ नहीं लगाते. उस पर अब क्या है?"

आता माझी पाळी होती. "सर, माझं... मेरा टायट्रेशन है."

"कितने लोग ले गए?"

"दो सौ ग्यारह," सोनटक्के म्हणाले. यावेळी आवाज एकदम स्वच्छ.

"तो ठीक किया," साहेब म्हणाले. "चलो, कैमरा चलाओ. दो मिनट बोलूँगा. उतना शायद कोई ले जाए."

आणि ते दोनच मिनिटं बोलले. शिस्त नाही, इमारत नाही. हे कॉलेज ज्यांनी ऐकून घेतलं त्यांच्यामुळे चाललं, असं काहीतरी म्हणाले, आणि मग एकच नाव घेतलं, गुणवंत सोनटक्के. सोनटक्के कॅमेऱ्यामागं होते, कानावर हेडफोन. त्यांनी फोकस तपासला.

निघताना बॅग भरत असताना तो फॉर्म मीच ओढून काढला. "ताई, राहू द्या," सोनटक्के म्हणाले. मी राहू दिलं नाही. काय अडलंय ते, हेमलता मॅडमच्या समोशांसकट, निगम साहेबांना एका दमात सांगितलं, हिंदीत, माझ्या तोंडाला येईल तसं. साहेबांनी चष्मा लावला आणि फॉर्म गुडघ्यावर घेतला. 'हानीस जबाबदार व्यक्ती' या रकान्यापाशी पेन टेकलं. अक्षर नियमांखालच्या सहीसारखंच उभं आलं. हरिशंकर निगम. पुढं, हुद्दा या रकान्यात लिहिलं, वक्ता.

"सर, ये नहीं चलेगा," सोनटक्के म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोंछा तो मैंने."

"तुमने तीन साल रुककर पोंछा," साहेब म्हणाले. "सुननेवालों ने तो समोसे के साथ ही पोंछ दिया था. और उन्हें सुला किसने दिया?"

परतीच्या मेट्रोत सोनटक्के जागा असूनही उभेच राहिले. फॉर्म गेटपासच्या पुस्तकात घालून छातीशी धरला होता. राजीव चौकला गाडी बदलायची असते तेही मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ऑफिसात दिला. हेडक्लार्कनं वरून खाली बोट फिरवलं, सगळे रकाने भरलेत एवढं पाहिलं, शिक्का मारला आणि नो ड्यूज हातात ठेवलं. नाव त्यानं वाचलंच नाही.