दोन डब्यांची नाव

माणसाने राग गिळावा, विसरून जावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा माझ्यावर काही परिणाम होत नाही, कारण मी जमनाकाकीच्या शेजारी राहिले. राग धरावा तर तिच्यासारखा.

मी नवी सून होऊन तापीकाठच्या आमच्या गावात आले त्याच वर्षी भादव्यात तिचा नवरा, रतिलालकाका, केळीच्या बागेत पाणी वळवताना साप चावून पडला. नंदुरबारची वाट चिखलात गेलेली. दवाखाना मात्र नदीच्या पलीकडे, काठाला लागूनच. काकीने बैलगाडी घाटावर आणली. आमच्या गावच्या नावेचा ठेका तेव्हा दगाकडे होता, आणि दगाचा एकच नियम होता.

"नाव भराई तव्हय सुटी, वैनी," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "पूर शे. दोन मानसंसाठे मी नाव काढत नही."

काकीने त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले आणि विडी पेटवली. बाजाराची माणसं एकेक करत येऊ लागली, आणि घाटावरच्या काळ्या खडकाला टेकवलेले रतिलालकाका निळे पडत गेले. नाव भरली तेव्हा तिच्यातला एक उतारू कमी झाला होता.

एवढ्यावर दगा थांबला असता तर कदाचित काकीही थांबली असती. पण तेराव्याच्या आत तो पारावर बसून म्हणाला, "जानाराच व्हता. नाव लवकर सुटती तरी काय फरक पडता?" आणि सुगीला, खळ्यावर ज्वारीची रास पडली तेव्हा, हा गडी नावाड्याचं सुपडं मागायला तिच्या खळ्यावर हजर! आमच्याकडे उतारू भाडं देत नसत. वर्षाकाठी घरटी एक सुपडं धान्य नावाड्याला, अशी रीत. ज्या नावेत नवऱ्याला बसायला मिळालं नाही तिचं सुपडं आता बायकोने भरायचं होतं. अशा माणसाला लाज नावाची चीज कोणी दाखवली नसावी.

काकीने सुपडं भरलं. शीग लावून भरलं. त्याच्या धोतराच्या ओच्यात ओतलं आणि म्हणाली, "दगाभाऊ, हाई शेवटलं. एक दिन तू घाटवर हुभा राहीसन मन्हा तोंडकडे देखशी. तो दिन मी आनसू."

दगा हसला. बाईमाणूस, चार दिवस बोलेल आणि मूग गिळून बसेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात काकीच्या अंगणात सागाच्या फळ्या येऊन पडल्या. केळीच्या बागेचा अख्खा सौदा त्यात गेला. डोंगरातल्या अक्राणीतून तिने सुरुपसिंग नावाचा सुतार आणला. नर्मदेकाठी त्याने नावा बांधल्या होत्या. घरी तो पावरी बोले, आमच्याशी तुटकी अहिराणी. बाईच्या अंगणात नाव बांधली जाते म्हटल्यावर गाव कुंपणावरून डोकावायला लागलं. सांगाडा उभा राहिला, फळ्या चढल्या, आणि काम अडलं राळेवर. फळ्यांमधल्या फटी जवसाच्या तेलात उकळलेल्या राळेने आणि कापसाच्या वातींनी बुजवायच्या, ही सगळ्या नावाड्यांची पद्धत. पण राळ काही मिळेना. दगा दर वर्षी राळ घेणारं जुनं गिऱ्हाईक. त्याने दुकानादुकानात सांगून ठेवलं होतं की जमनाबाईला देऊ नका.

काकी मला बरोबर घेऊन नंदुरबारला गेली, मिरचीबाजाराजवळच्या खेमराजशेटच्या दुकानी.

"जमनाबेन, तुमले राळना एक खडा बी नही," शेट आधीच म्हणाले. "दगाले मी जबान देयेल शे."

"मंग मी आठेच बठस," म्हणून काकी दुकानाच्या पायरीवर बसली.

भर सकाळच्या बोहनीच्या वेळी पायरीवर विधवा बाई, तीही डोळे वटारून. गिऱ्हाइकं तिला ओलांडून वर यायला कचरू लागली. शेट तराजूकडे बघत राहिले, मग गल्ल्याकडे, मग तिच्याकडे. दिलेला शब्द त्यांना मोडवेना आणि पायरीवरची बाई हलेना.

"जबान राळनी शे," शेवटी ते म्हणाले. "राळ सोडीसन दुसरं काही बी मांगा."

मग त्यांनी एकेक वस्तू पुढे ठेवली. डांबर. सरस. आणि आतून, धूळ झटकून, दोन डबे. सुरतेच्या त्यांच्या मेव्हण्याने खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यासाठी म्हणून मागवलेला, उरला तो इथे पाठवलेला माल होता, पण त्याला इथे कोणी हात लावला नव्हता. एका डब्यात मधासारखं दाट, दुसऱ्यात नाक मुरडावं असल्या वासाचं काहीतरी. दोन्ही वेगळे असेपर्यंत काही नाही. सारख्या मापाने घेऊन मिसळलं की दगड. आता त्याला इपॉक्सी म्हणतात. तेव्हा आम्ही दोन डब्यांचं लुकण म्हणत होतो.

दुसऱ्या कुणी मुकाट पिशवी भरली असती. काकीने फडक्यातून सागाचे तुकडे काढले. सोबत आणलेच होते तिने. "तिन्ही लावा," ती म्हणाली. "मी बाजारले येसू तव्हय देखसू."

पुढच्या बाजाराला गेलो तर डांबराचा जोड नंदुरबारच्या उन्हात पाघळून पायरीवर उतरला होता आणि मुनीमजींचं धोतर त्यात बसल्या जागी चिकटून फाटलं होतं. सरसाचा जोड पाण्याच्या हंड्यात घातला होता. तो शिजलेल्या भेंडीसारखा आपोआप सुटला. तिसराही त्याच हंड्यात होता, तो जसाच्या तसा. काकीचं तेवढ्याने भागलं नाही. तिने तो तुकडा आढ्याला टांगायला लावला आणि त्याला खाली लाल मिरचीचं पोतं अडकवायला लावलं. दुकानातली माणसं शिंकून शिंकून बेजार झाली. जोड सुटेना. मग शेटनीच ईर्षेने वजनाचा घाव घातला. लाकूड चिरलं, जोड राहिला.

"दोन्ही डबा द्या," काकी म्हणाली.

"सारखं मिसळा," शेटनी बजावलं. "नी मिसळ्यावर थांबू नका. लगेच घट व्हई जास."

लगेच घट्ट होतं म्हटल्यावर आम्ही बायकांनी काय करावं? पापडाला बसतो तशा बसलो. पापडाचं पीठही भराभर आटोपावं लागतं, म्हणून काकीने गल्लीतल्या साऱ्याजणींना बोलावलं आणि ऐन दुपारी, पापडाचीच वेळ म्हणून, भर उन्हात मोठ्या पितळी पातेल्यात दोन्ही डबे उपडे केले. मी उलथन्याने घोटत होते. घोटता घोटता पातेलं गरम झालं. चूल नाही, जाळ नाही, आणि पातेलं चटके देऊ लागलं. मग धूर. बेबीबाई "भूत शे वं माय!" म्हणून ओरडत घरी पळाली. एक फळीही धड लिंपून झाली नव्हती, तोवर सगळं थिजलं आणि माझं उलथनं मधोमध उभंच्या उभं राहिलं. ते आजतागायत निघालेलं नाही.

संध्याकाळपर्यंत घाटावर बातमी पोचली. "जमनाबाईनी नाव तयार व्हयनी," दगा उतारूंना सांगू लागला. "पातेल्यामा बशीसन नदी पार करी ऱ्हायनी!" लोक पोट धरून हसले. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा हसून घेतलं, मी पाहिलं.

काकीने ते पातेलं उलथन्यासकट पुढच्या दाराच्या खुंटीला टांगलं. येता-जाता दिसावं म्हणून. "राग निवाले नको," असं ती मला म्हणाली.

ती पुन्हा खेमराजशेटकडे गेली. शेटनी सुरतेहून नवे डबे मागवले होते आणि वापरायची रीतही विचारून घेतली होती. थोडं थोडं कालवायचं, तेही पहाटेच्या गारव्यात. आता एवढ्या वाट्या कोण देणार, तीही परत न मिळण्याच्या बोलीवर? काकीने देवळातून नारळाच्या करवंट्या गोळा केल्या. पहाटे प्रत्येकीच्या हातात एक करवंटी आणि एक काडी. कालवायचं, आमच्याच शेतातल्या कापसाची वात त्यात बुडवायची, फटीत दाबायची, करवंटी फेकायची, दुसरी घ्यायची. सुरुपसिंग मागून हात फिरवत यायचा. बेबीबाईही आली, भूत नाही याची खात्री करून. पाऊस पडायच्या आत नाव नदीत उतरली. तळाशी पाण्याचा थेंब नाही.

काकीने भाडं घेतलं नाही, सुपडंही घेतलं नाही. दगाने मामलेदाराकडे तक्रार केली. मामलेदार म्हणाले, जी बाई काहीच घेत नाही तिने तुझा ठेका कसा मोडला? सुरुपसिंगला तिने ठेवून घेतलं आणि त्याच्याकडून स्वतः बांबू रेटायला शिकली. गुजर पाटलाची विधवा नाव रेटते म्हणून भाऊबंदांनी बोटं मोडली. मोडू देत. तिचाही एकच नियम होता. एक माणूस आला तरी नाव सुटायची. बघता बघता दगाच्या नावेत कुणी बसेनासं झालं. ती वाळूवर ओढलेली राहिली, उन्हाने फळ्या उकलल्या, फटींतली राळ खडेखडे होऊन गळाली. मला ते बघून बरं वाटायचं. काकीला अजून वाटत नव्हतं.

तिसऱ्या भादव्यात, पुराच्या पाण्यात, दगा खाट घेऊन घाटावर आला. खाटेवर त्याची बायको फुलीबाई. पोटात अशा कळा की तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकी नावेत होती, मीही होते.

"वैनी, नाव सोड," दगा म्हणाला, आणि त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

काकीने आणि मी फुलीबाईला उचलून नावेत घेतलं. दगाने काठावर पाय ठेवला तसा काकीने बांबू त्याच्या छातीला आडवा लावला.

"नाव भरी गयी."

"वैनी, जागा शे! दहा मानसंनी जागा शे!"

"भरी गयी, दगा," ती म्हणाली, आणि त्याच बांबूने तिने नाव काठापासून ढकलली.

पलीकडे डॉक्टरांनी फुलीबाईला लगेच आत घेतलं. दुपारच्या आत त्यांनी सांगितलं, धोका टळला, दोन दिवस इथेच राहू द्या. मी घाईने नावेकडे निघाले. काकी काठावर फडकं पसरून बसली.

"बस. भाकर खा."

पलीकडे दगा दिसत होता, त्याच काळ्या खडकावर. बसायचा, उठायचा, पागोटं सोडून हलवायचा. हाक ऐकू येत नव्हती, नुसतं उघडलेलं तोंड दिसायचं. काकी सावकाश भाकरी खात त्याच्याकडे बघत होती. ऊन कललं तेव्हा मला राहवेना. "काकी, पुरे," मी म्हणाले.

"त्यानी माले बसाडं व्हतं," ती म्हणाली. "बसू दे."

दिवे लागायच्या वेळी आम्ही परतलो. दगा घाटावर उभा राहून काकीच्या तोंडाकडे बघत होता.

"वाचनी," काकी म्हणाली. तो नावेच्या कडेला कपाळ टेकून रडायला लागला. ती त्याला वळसा घालून दोर बांधून आली.

घरी येताना मी विचारलं, "काकी, आते तरी सूड पुरा व्हयना का?"

तिने दारातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"अर्धाच," ती म्हणाली. "त्यानी बायको वाचनी ना."