भिंतीतला समुद्र आणि आईची हाडं

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय. चुका सांभाळून घ्या.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलो ते निव्वळ करमणूक म्हणून. बायकोला, वैशालीला, मोठ्याने वाचून दाखवायचो आणि शेवटी विचारायचो, यात कुणी काही मोजलं का? नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. दिवसभर मापाचं गेज हातात. जे मोजता येत नाही ते नाही, हा माझा नियम. पण मला जे भोवलं ते मोजता येत होतं... मीच मोजलं, दर रविवारी, वहीत लिहून.

घर इंदिरानगरमध्ये, साधं रो-हाऊस. खाली हॉल, किचन आणि आईची खोली, वर आम्ही दोघं. हॉल आणि आईची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्या भिंतीत मला रीफ टँक बसवायचा होता, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, ज्यात मासे कमी आणि जिवंत पोवळी जास्त. सहा फूट लांब आणि दोन्हीकडून काच. हॉलमधून बघा नाहीतर आईच्या पलंगावरून, समोर समुद्र.

समुद्र आमच्यापासून चार तासांवर आणि मी निघालो तो घरात आणायला. वैशाली म्हणायची, लोकांना चाळिशीत चष्मा लागतो, ह्याला टँक लागला. एक वर्ष नुसतं प्लॅनिंग केलं. पाणी, दगड, काच मिळून वजन टनाच्या वर जात होतं, म्हणून तिथली फरशी उखडून खाली काँक्रीट भरलं. स्टँड अंबडमध्ये ओळखीच्याकडून वेल्ड करून घेतला. भिंत फोडायला आणि वर आधाराचं लिंटेल टाकायला सिन्नरचे काशिनाथ मिस्त्री आले. "लय खिडक्या काढल्या वाऱ्यासाठी," ते म्हणाले, "माशांसाठी पहिलीच हाय." आपल्या समुद्रातलं पोवळं काढायला कायद्याने बंदी आहे, म्हणून फार्ममध्ये वाढवलेले परदेशी तुकडे रीतसर मागवायचे ठरवले. दगडसुद्धा सिरॅमिकचे घेतले. म्हणजे टँकमध्ये काय काय जातंय याची पूर्ण यादी माझ्याकडे होती. निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीनंतर टँक भरला. आरओचं पाणी साठवून, त्यात समुद्री मीठ मिसळून, आठवडाभर भरतच होतो. शेवटच्या दिवशी आईने काचेला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी टँकमध्ये उडू नये म्हणून मी मध्ये हात धरून उभा होतो. त्यावर आम्ही सगळे हसलो. मग फोन आला म्हणून मी बाहेर गेलो, आणि परत आलो तर आई देवघरातली एक छोटी बाटली टँकवर उलटी धरून उभी. "गंगेचं पाणी आहे," ती म्हणाली. मी चिडलो. नदीच्या पाण्याने शेवाळ येतं, वर्षभराची मेहनत वाया जाते, वगैरे लेक्चर दिलं. पण एवढ्या पाण्यात एक बाटली... जाऊ दे म्हटलं. गोदावरीला गंगा म्हणणारी आणि भाजी आणायलाही गंगेवर जाणारी आमची आई. नदी हाकेच्या अंतरावर असताना तिने ते पाणी बाटलीत का साठवलं होतं, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

दीड-दोन महिन्यांनी पहिली पोवळी लावली. आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पोवळं स्वतःचा सांगाडा कॅल्शियमचा बांधतं. त्यासाठी ते पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून पोवळी वाढायला लागली की पाण्यातला आकडा उतरतो आणि आपल्याला बाटलीतून डोस घालावा लागतो. किट सोपं असतं. नळीत पाणी घ्यायचं आणि थेंब मोजत जायचं. गुलाबी रंगाचा निळा झाला की थांबायचं.

माझा आकडा चारशे तीस आला. पुढच्या रविवारी चारशे तीस. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पोवळी जोमात वाढत होती आणि डोसची बाटली सीलबंद पडून होती. टँकवाल्यांच्या ग्रुपवर मी ऐटीत टाकलं, माझ्या टँकला डोस लागत नाही. जुन्या लोकांनी किट खराब आहे म्हणून उडवून लावलं. नवं किट आणलं तरी चारशे तीसच.

आई खूश होती. बाबा गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, ती दुपारी पडायची ती भिंतीकडे पाठ करून. आता काचेकडे तोंड करून पडायची, एक तळवा काचेवर टेकवून. काचेवर डाग पडतात म्हणून मी एकदा बोललो, पण वैशालीने डोळे वटारले. नंतर मी गुपचूप पुसायला लागलो.

होळीनंतर टॉवेल पिळताना आईचं मनगट मोडलं. नुसता टॉवेल पिळताना. एप्रिलमध्ये खोकला झाला आणि खोकताना बरगडीला तडा गेला. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन काढला आणि बाबा गेले त्या वर्षी काढलेला तिचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवला. तीन वर्षांपूर्वी हाडं वयाच्या मानाने चांगली होती. आता ती अगदी विरळ झाली होती. थायरॉइड, किडनी, सगळं तपासलं, सगळं नॉर्मल. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "जेवण नीट आहे, गोळ्या चालू आहेत. मग कॅल्शियम जातंय कुठे?"

मी तेव्हा मान हलवली आणि औषधं घ्यायला गेलो. डोक्यात काहीही आलं नाही, खरंच नाही.

आराम मिळावा म्हणून आईला पंधरा दिवस सिन्नरला ताईकडे ठेवलं. पहिल्या रविवारी टँकचा आकडा चारशे पाच आला. दुसऱ्या रविवारी तीनशे ऐंशी. मला बरंच वाटलं, म्हटलं चला, टँक आता चारचौघांसारखा वागतोय. फोनवर ताई सांगत होती, आईचं दुखणं कमी आहे, पोळ्या लाटायला बसली. मग आई घरी आली. डोसची बाटली उद्या उघडू, उद्या उघडू करत राहून गेलं आणि रविवार आला. मी थेंब मोजले. पुन्हा मोजले. चारशे तीस.

वही हातात घेऊन मी खुर्चीवर बसलो आणि मागची पानं उलटली. आई होती त्या आठवड्यांत चारशे तीस, नव्हती तेव्हा खाली. सकाळचे अकरा वाजले होते, किचनमध्ये कुकर शिट्टी देत होता आणि माझ्या पाठीला घाम फुटला होता. असला विचार माझ्या डोक्यात आला याचीच लाज वाटत होती. पण आकडे समोर होते.

आई अंघोळीला गेलेली होती. मी तिच्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदाच तिच्या पलंगावर, तिच्यासारखा आडवा झालो. मी कायम हॉलमधून बघायचो, तिथून रंगीत पोवळी पुढे दिसायची. इकडून दगडांची मागची बाजू दिसत होती. तिथे, काचेला जवळजवळ टेकून, एक पांढरी फांदी वाढलेली होती. मी ती लावलेली नव्हती. माझ्या यादीत ती नव्हती. जिवंत पोवळ्याला रंग असतो, वर मऊ कातडी असते. नुसतं पांढरं म्हणजे मेलेलं, आणि मेलेलं वाढत नाही. ही वाढलेली होती. खाली रुंद, वर पाच फाटे, आई जिथे हात टेकवायची बरोबर त्या उंचीवर. चार फाटे पूर्ण होते. करंगळीशेजारचा अर्धाच होता.

माझे बाबाही अंबडलाच होते, प्रेस मशीनवर. माझ्या जन्माआधी त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं होतं. लहानपणी त्या हाताने ते माझं डोकं चाचपायचे तेव्हा तेवढी एक जागा रिकामी लागायची. मी पलंगावरून उठूच शकलो नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आई बाहेर आली आणि मला तिथे बघून दारातच थांबली. मी तिला एवढंच विचारलं, की ते बाटलीतलं पाणी कधीचं होतं.

"त्याच दिवसाचं," ती म्हणाली. "रामकुंडावर तू त्यांच्या अस्थी सोडल्यास ना, तेव्हाच मी खालच्या पायरीवरून भरून घेतलं. गुरुजी नव्हते का म्हणाले, इथे हाडांचं पाणी होतं? मग ते पाणी म्हणजे हेच की. तीन वर्षं बाटलीत कोंडून ठेवलं होतं ह्यांना. म्हटलं, एवढं मोठं घर बांधतोय तर राहू देत त्यात."

नाशिकमध्ये वाढलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं, की रामकुंडात अस्थी विरघळतात. पण ते पाणी कुणी घरी आणत नाही. अस्थी सोडल्या की मागे वळून बघायचं नाही, अशी आपली रीत. आईला ते जमलं नाही.

मी तिला वही दाखवली, स्कॅन दाखवला. ती शिकलेली आहे, तिला आकडे कळतात. तिने चष्मा लावून दोन्ही नीट वाचले. मग म्हणाली, "मला माहितेय रे. हात लावला की आतून ओढल्यासारखं होतं. लागतंय त्यांना, तर घेऊ देत." तिच्या आवाजात कुठेही भीती नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. मासे आणि पोवळी गंगापूर रोडच्या एका हौशी माणसाला देऊन टाकली. पाणी उपसलं. ती फांदी दगडापासून सोडवताना मला वाटलं होतं छिन्नी लागेल, पण ती हातातच आली. ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळली. आई पलंगावर बसून बघत होती. "दुसऱ्यांदा नेतोयस त्यांना," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे पाठ केली.

भर दुपारी रामकुंडावर गेलो. पायऱ्या उतरताना एक गुरुजी जवळ आले आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, कोणाच्या? मी म्हटलं, वडिलांच्या. किती दिवस झाले? मी म्हटलं, तीन वर्षं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठिबकणाऱ्या फडक्याकडे बघितलं आणि बाजूला झाले. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून फडकं सोडलं. या वेळीही मागे वळून बघितलं नाही. गेल्या वेळी रीत म्हणून, या वेळी धीर झाला नाही म्हणून.

काशिनाथ मिस्त्रींनी भिंतीतली जागा विटांनी बुजवली, प्लास्टर केलं, रंग दिला. आई सिन्नरला ताईकडे गेली ती तिथेच रमली. माझ्याशी महिनाभर बोलली नाही, मग हळूहळू बोलायला लागली. सहा महिन्यांनी स्कॅन काढला तर हाडं सुधारलेली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मीही तेच म्हणालो. सुटलो असं वाटलं.

पावसाळ्यानंतर आईच्या रिकाम्या खोलीत त्या भिंतीला लोणा आला. नव्या प्लास्टरला पांढरं मीठ फुटतं, त्यात नवल काही नाही. मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोटाने खरवडून बघितलं आणि खाली वाकून फरशीजवळची भिंत चाचपली. "लोणा खालून वर चढतो, साहेब," ते म्हणाले. "खाली कोरडं हाय. मधीच असा येत नाय." त्यांनी तेवढा भाग फोडून पुन्हा प्लास्टर केलं. महिन्याभरात तो परत आला. त्याच जागी, तळव्याएवढा. आकार सांगत नाही, तुम्हाला कळलाच असेल.

मग दर रविवारी मी तो पत्र्याने खरवडायला लागलो. एका रविवारी दुपारी वैशाली माहेरी गेली होती, घरात कुणी नव्हतं. मी पत्रा बाजूला ठेवला आणि त्या डागावर तळवा ठेवला. का ते विचारू नका. भिंत गार असेल असं वाटलं होतं, पण गार नव्हती. आणि मनगटातून काहीतरी अगदी हलकं, ओढल्यासारखं झालं. आई म्हणाली होती तसंच.

मी हात काढायला हवा होता. पण बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. स्मशानाचा पास कोण आणणार, गाडी कुठली, जेवायला किती माणसं, हेच बघत होतो. चौदाव्या दिवशी कामावर गेलो. त्या दुपारी मात्र भिंतीला हात लावून उभ्या उभ्या रडलो, आणि खूप बरं वाटलं. पुढच्या रविवारी पत्रा घेतलाच नाही. असे किती रविवार गेले ते मोजलं नाही. एवढं एकच मी मोजलं नाही.

मागच्या महिन्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना माझं मनगट मोडलं. स्कॅनचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी माझं वय दोनदा विचारलं.

हे का घडतं, मला माहीत नाही. किट, वही, दोघांचे रिपोर्ट, सगळं माझ्याकडे आहे, कुणाला तपासायचं असेल तर या. वैशालीला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, भिंत पाडू, नाहीतर घर विकू. मिस्त्रींचा नंबर तिने माझ्यासमोर ठेवलाय. मी अजून फोन केलेला नाही. डाव्या हाताने नंबर दाबता येत नाही, असं तिला सांगितलंय. तेवढ्याच हाताने तुम्हाला हे एवढं लिहिलं.

पुढच्या सोमवारी प्लास्टर निघेल. मला भीती बाबांची वाटत नाही. सोमवारी उजवा हात मोकळा झाल्यावर मी तो कुठे ठेवणार आहे, ते मला आत्ताच माहीत आहे. त्याची वाटते.