द्रोणासारखे पापड

उडदाच्या पापडांना नुसतं ऊन दाखवायचं आणि लगेच उचलायचं. शेजारच्या सुलभाकाकू यात कधी चुकत नाहीत. परवा मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर काकू टाकीला टेकून आकाशाकडे बघत होत्या.

"चकचकीत ताटलीसारखं काहीतरी तरंगत होतं गं. जराही आवाज नाही. मी बघतच राहिले."

"ऊन लागलंय तुला," जिन्यातून काका म्हणाले.

असेलही. उन्हात डोकं गरगरलं की माणसाला काहीबाही दिसतं. वर काय होतं, मला ठाऊक नाही. खाली मात्र सगळे पापड द्रोणासारखे वळले होते. आणि एक पापड फुटला तरी दिवसभर हळहळणाऱ्या काकू त्यांच्याकडे बघून नुसत्या हसल्या.