जीपभोवतीची प्रदक्षिणा

आमच्या बाबांनी देवळात कधी पाय ठेवला नाही, पण पावसाळ्यात बागेत जाताना ते जीपला प्रदक्षिणा घालत. अंजनगाव सुर्जीहून आमच्या संत्र्याच्या बागेकडे जाणारा डांबरी रस्ता मारुतीच्या पारापाशी संपतो आणि तिथून पांदण सुरू होते, म्हणजे दोन्हीकडच्या वावरांमधली काळ्या मातीची वाट. बाबा तिथे जीप थांबवत, इंजीन चालूच ठेवत, खाली उतरत आणि एकेका चाकाशी वाकत गाडीभोवती पूर्ण फेरी मारत. मी आठ-दहा वर्षांची असेन. चिखलात चपला रुततात म्हणून मला उतरायची परवानगी नव्हती. इंजिनाच्या धडधडीत बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. ताडपत्रीच्या फटीतून त्यांची टोपी तेवढी खाली जाताना आणि वर येताना दिसायची.

आई त्यांना चिडवायची. "मारुती मांगं बसला, अन् हा माणूस जीपच्या पाया पडून राहिला."

बाबा म्हणत, "देव नाही घरी आणत. चाकं आणतेत."

मी पुढे शिकले, अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, जठारपेठेत घर केलं. बागेत गेले तर हिवाळ्यात, वाट वाळल्यावर, कारने, संत्री खायला. पावसाळ्यातली बाग बाबांची. आई गेल्यावरही ते एकटेच ती जीप घेऊन जात राहिले. जीप लष्कराच्या लिलावातली, चारही चाकं ओढणारी, माझ्यापेक्षा वयाने फार लहान नसलेली. मी तिला भंगार म्हणायची आणि बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

गेल्या आषाढात बाबांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेलं. दवाखान्यातून मी त्यांना माझ्या घरी आणलं. समज शाबूत होती, पण तोंडातून शब्द येत नव्हता आणि डाव्या हाताने लिहिता येत नव्हतं. त्यांच्या सामानाबरोबर आलेली जीपची किल्ली मी घरात खिळ्याला टांगली होती. ते रोज सकाळी डाव्या हाताने त्या किल्लीकडे बोट दाखवत. लकव्याच्या आधीच्या पंधरवड्यात त्यांनी विहिरीच्या कडेने संत्र्याच्या नव्या कलमांची एक ओळ लावली होती. ती जगली की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं. माझा चुलतभाऊ येऊन सांगून गेला, कलमं चांगली आहेत. बाबांनी मान फिरवून घेतली. ऐकीव गोष्टीवर त्यांचा कधी विश्वास नव्हता.

सगळे म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबा, वाट वाळू द्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळी धरून चालू नका. तेव्हा मी ठरवलं की या पावसातच त्यांना बागेत न्यायचं आणि त्यांच्याच जीपने न्यायचं. मी हट्टी आहे. हे माझ्याबद्दल लोक कौतुकाने सांगतात, मीही बरीच वर्षं कौतुकानेच ऐकत आले.

जीप परतवाड्याला नेऊन टाकली. तिथला मिस्त्री मेळघाटात चढणाऱ्या जीपगाड्यांची कामं करतो, वय बाबांच्या जवळपास. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे तं नुसतं नावाचं फोर-व्हील राहिलं. पुढची चाकं ओढूनच नाही राहिली."

पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक, अशा फिरवायच्या दोन चकत्या असतात. त्या हाताने फिरवल्याशिवाय इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळत नाही, आणि त्या गंजून जाम झाल्या होत्या. त्याने त्या सोडवल्या, लहान गिअरचा दांडा दुरुस्त केला, गुळगुळीत टायर काढून खोल नक्षीचे नवे घातले, मागे रेतीची दोन पोती टाकायला सांगितली. मग मला खाली बसवून चकत्या फिरवायला शिकवल्या. "पांदण लागाच्या आधी उतरा लागते. दोन्हीकून फिरवा, मंग घाला आत."

मी हसले. बाबांची प्रदक्षिणा म्हणजे ही होती तर. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "तुमची देवपूजा कळली मला." त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. महिन्याभरात ते पहिल्यांदा हसले होते, म्हणून मी स्वतःवर फार खूश झाले.

चकत्या पुढच्या दोनच चाकांना असतात. बाबा चारही चाकांशी वाकत असत. विज्ञानाची बाई असून मी तेवढं मोजलं नाही.

भाद्रपदात एका सकाळी निघालो. बाबांना मागच्या सीटवर रेतीच्या दोन पोत्यांच्या मध्ये उशा लावून बसवलं, पट्ट्याने बांधलं. दर्यापूरच्या पंपावर मी चारही चाकांत टणक हवा भरून घेतली, वाट खराब आहे म्हणून. मारुतीच्या पारापाशी थांबले, उतरले, दोन्ही चकत्या फिरवल्या. वर आले तर बाबा डाव्या हाताने मागे दाखवत होते. मला वाटलं, आता या वयात त्यांना मारुती आठवला. मी पुन्हा उतरून त्यांच्या वतीने नमस्कार करून आले. ते अजून मागेच दाखवत होते. मी म्हटलं, "झाला बाबा नमस्कार, चला," आणि जीप पांदणीत घातली.

अर्ध्या वाटेपर्यंत ती गेली. मग काळी माती चाकांना लपेटत गेली, टायरची नक्षी बुजली, आणि नवे टायर जुन्यांसारखेच गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरायला लागले. मी जोर दिला तशी ती खाली बसत गेली. तुराट्या आणून चाकांखाली घातल्या, त्या चिखलात गडप झाल्या. बाग तिथून दोन वावरं पुढे होती. कपाशीच्या वर विहिरीवरच्या चिंचेचा शेंडा दिसत होता, कलमांची ओळ दिसत नव्हती.

मागे पाहिलं तर बाबा डाव्या हाताचा अंगठा गुडघ्यावर दाबत होते. दाबायचे, उचलायचे, पुन्हा दाबायचे. एकदा, दोनदा, चारदा, माझ्याकडे बघत. मी पर्समधून बाम काढला आणि त्यांच्या गुडघ्याला चोळला. त्यांनी मान हलवली, माझा हात झटकला आणि पुन्हा अंगठा दाबला. मी दुसरा गुडघा चोळला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, फार दुखतंय. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि खोटं बोलले, "दिवाळीत येऊ ना बाबा. वाट वाळली की नक्की येऊ."

शेजारच्या वावरातला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, "मांगंच ओढा लागते ताई. पुढं याच्याहून गारा हाये, नुसता चिखल." त्याने आम्हाला उलटं ओढून पारापाशी आणून सोडलं. परतताना बाबा डोळे मिटून होते. घरी आल्यावर त्यांनी किल्लीकडे बोट दाखवणं बंद केलं. ते निवळले असं मी सगळ्यांना सांगितलं.

नवरात्रात ते गेले.

तेरवी झाल्यावर बागेचं काम निघालं. परतीचा पाऊस लागून राहिला होता, म्हणून जीपच काढली. अंजनगावात मागचं चाक बसलं. बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याने जीप पाहताच ओळखली. बाबा गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "पावसाळ्यात बागेतून निघाले का सीधे इथंच येत. चारी चाकं नरम राहत. मी म्हणो, काका, हवा कुठी गेली? तं म्हणत, पांदणीत ठेवून आलो."

मी विचारलं, "पांदणीत म्हणजे?"

"तुमाले नाही मालूम? गाऱ्यात टणक चाक नाही चालत ताई. हवा सोडली का चाक पसरते, माती धरते, अन् चिकटलेला गारा झटकते." त्याने चाकाजवळ बसून वॉल्वचं टोपण काढलं आणि मला दाखवायला त्यावर अंगठा धरला. दाबला, उचलला, पुन्हा दाबला.

मी त्याच्या दुकानातल्या बाकावर बसले. त्याने पाणी आणून दिलं. सव्वीस वर्षं मी आठवीला दाब शिकवते आहे. फळ्यावर उंटाचा पाय काढते आणि विचारते, उंट वाळूत रुतत का नाही. पाय पसरट म्हणून, असं मुलं एका सुरात सांगतात. माझ्या बापाने तेच मला मागच्या सीटवरून अंगठ्याने सांगितलं आणि मी त्याच्या गुडघ्याला बाम चोळला.

पारापाशी जीप थांबवली. या वेळी इंजीन बंद केलं. चकत्या फिरवल्या आणि मग चारही चाकांशी एकेक करून वाकले, अंगठ्याच्या नखाने वॉल्व दाबून धरला. हवा सुटताना बराच आवाज येतो. टायर खाली जरा फुगवटा धरून बसले. मी वर चढले आणि पांदणीत शिरताना मनापासून वाटत होतं की जीप अडकावी. तिथेच, त्याच जागी रुतावी, म्हणजे त्या दिवशीही जमलंच नसतं असं मला म्हणता येईल.

जीप कुठेच अडकली नाही. ज्या जागी आम्ही दीड तास बसलो होतो तिथून ती लहान गिअरमध्ये सावकाश निघून गेली. विहिरीपाशी उतरून मी कलमं पाहिली. सगळी जगली होती, प्रत्येकाला नवी पालवी होती. मागे वळून मी मोठ्याने सांगितलं, "बाबा, जगली हो सगळी." मागच्या सीटवर रेतीची दोन पोती होती.