बेटावरची शकू

बुधाजी बायकोच्या मुठीत आहे, असं पनवेलच्या कोळीवाड्यात सगळे म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. गुणाबाईची दोन्ही बाळं पाळण्यातच गेली होती. त्यानंतर कूस उजवलीच नाही. तेव्हापासून ती मागेल ते आणून द्यायचं, एवढंच त्या भल्या माणसाला कळत होतं.

तिने मागितलं तरी काय, तर पाणमांजराचं पिल्लू. जाळं फाडणारी त्याची आई बुधाजीनेच वल्ह्याने मारली होती आणि पिल्लू गंमत म्हणून टोपलीत घालून घरी आणलं होतं. झालं. गुणाबाईने त्याला बोळ्याने शेळीचं दूध पाजलं, कुशीत निजवलं आणि लेकीसाठी मनात धरून ठेवलेलं नाव देऊन टाकलं, शकू. अहो, कोळ्याच्या घरात पाणमांजर म्हणजे वाण्याने दुकानात उंदीर पाळावा तशातली गत. कोळीवाडा हसून हसून लोळला. पण हाक मारली की शकू असेल तिथून धावत यायची, ओलीचिंब मांडीवर चढून बसायची, तेव्हा त्या बाईचा चेहरा बघायला हवा होता.

पुढे शकू मोठी झाली आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर डल्ला मारू लागली. भांडणं हातघाईवर आली. शेवटी नवराबायकोने तिला होडीत घालून खाडीच्या तोंडाशी असलेल्या, तिवरांच्या झाडीने भरलेल्या बेटावर सोडलं. तिथे बगळे, करकोचे, पाण्यात रग्गड मासळी, आणि माणसाची वस्ती नाही. गुणाबाई ढसाढसा रडली. मग जमेल तेव्हा होडीतून भेटायला जाऊ लागली. हाक मारायची, शकू यायची. लेक सासरी सुखात असल्यासारखं ती कोळीवाड्यात सांगत फिरायची.

त्या हिवाळ्यात मुंबईचे दोन पाहुणे बेटावरचे पक्षी बघायला आले. बुधाजीने होडी काढली. एकाजवळ बंदूक होती. एखादं बदक मारतील, असं त्याला वाटलं. बेटाला लागतात तोच चिखलात शकू दिसली. परकी माणसं बघून ती झटकन तिवरांत शिरली.

"कातडं झकास आहे," म्हणत बंदूकवाल्याने तिकडे नेम धरला.

"शकू, पळ! पळ गो बाय!" बुधाजी जिवाच्या आकांताने ओरडला.

काय म्हणावं या नशिबाला. नाव ऐकलं की यायचं, एवढंच त्या मुक्या जिवाला शिकवलं होतं. ती तिवरांतून बाहेर आली आणि सरळ बुधाजीकडे धावत सुटली. बार उडाला.

कातड्यासाठी पाहुणे तिला घेऊन गेले. घरी आल्यावर बुधाजीने बायकोला पाहुण्यांचं सांगितलं, बंदुकीचं सांगितलं. हाकेपाशी येऊन त्याची जीभ अडली ती अडलीच. गुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "परक्या मानसांत एकटी नाय मेली, तेवढं बरं झालं. तुमी व्हता ना तिथं. तुमाला बघून तिला धीर आला असंल."

बुधाजी कोपऱ्यातलं जाळं ओढून उलगडू लागला.

"अवो, तिनं वळखलं का तुमाला?"

"वळखलं," तो म्हणाला.